बखर मुदपाकखान्याच्या पितळी पट्टीची

श्रीगणराय प्रसन्न. श्रीवास्तुपुरुष प्रसन्न. आणि जी आजवर कोणाही मनुष्यास प्रसन्न जाहली नाही ती फरशीदेवता, तीस दुरूनच दंडवत घालून, पाय जपून ठेवून, ही हकिकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मास मार्गशीर्ष. ते समयी एका नगरी, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या डाव्या अंगास एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. दारावर पाटी आहे, ज्यास गरज त्याने वर चढून वाचावी. राज्याचा विस्तार म्हणावा तर दिवाणखाना एक, शयनमहाल दोन, मुदपाकखाना एक, न्हाणीघरे दोन, आणि एक सज्जा, ज्यात वाळत घातलेल्या कपड्यांवाचून दुसरे सैन्य कधी उभे राहिले नाही. गादीवर श्रीमंत मनोहरपंत महाराज. महाराजांनी सरकारी खात्यात एकतीस वर्षे चाकरी केली, आणि मग शाल-श्रीफळ घेऊन दिवाणखान्यातील सोफ्यावर कायमचे विराजमान जाहले. स्वभावे शांत, मोठे विचारी. कोणताही प्रश्न पुढे आला म्हणजे चष्मा कपाळावर चढवून "बघू" म्हणत, आणि त्या राज्यात "बघू"चा अर्थ ऐसा की ज्याने विचारले त्याचे काम होणार, आणि ज्याने विचारले नाही त्यास ते जाहल्यावर कळणार.

परंतु खरे राज्य मुदपाकखान्यात. तेथे महाराणी कुमुदबाईसाहेब यांचा चौतीस वर्षांचा अंमल, आणि तो अंमल ऐसा पक्का की हिंगाची डबी कोठे असते हे युवराज निरंजन, वय वर्षे एकतीस, यांस ठाऊक नव्हते, आणि महाराजांस तर आपल्या घरी हिंग असतो हेच ठाऊक नव्हते. चौतीस वर्षे ओट्यापाशी उभे राहून बाईसाहेबांचे दोन्ही गुडघे कामास आले. मग शल्यवैद्यांनी ते बदलावे ऐसे ठरविले, आणि बाईसाहेब दिवाळीचा फराळ करून, डबे भरून, डब्यांवर चिठ्ठ्या लावून, इस्पितळास रवाना जाहल्या. गुडघे दोन्ही उत्तम बसले. तेथून धाकट्या बहिणीचे घर जवळ आणि तळमजल्यावर, म्हणून तीन आठवडे तेथे मुक्काम पडला.

राणी राज्याबाहेर आहे ऐसे पाहून महाराजांचे मनी काही पराक्रम करावा ऐसे आले. निमित्त ऐसे घडले की जुन्या खात्यातील स्नेह्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट होता, त्यात कोणा एकाने आपल्या घरच्या नव्या फरशीचे चित्र पाठविले, आणि त्या फरशीत वरच्या पंख्याचे प्रतिबिंब दिसत होते. महाराजांस हे सहन जाहले नाही. मग कंत्राटदार बोलाविला आणि तो म्हणाला, "साहेब, जुनी फोडायची गरजच नाही. तिच्यावरच नवी बसवू. धूळ नाही, आवाज नाही." महाराजांस हा सल्ला फार मानवला, कारण एकतीस वर्षे खात्यात त्यांणी स्वतःही कामे तशीच केली होती. मग दिवाणखाना जाहला, दोन्ही महाल जाहले, आणि मुदपाकखान्याच्या दारी येऊन कंत्राटदार थांबला आणि पुसता जाहला, "किचन?" महाराज म्हणाले, "राहू दे. तिथे कोण बघतंय?" हे वाक्य ऐकणारांनी ध्यानी ठेवावे. येणेकरून दिवाणखाना दीड बोट उंच जाहला, मुदपाकखाना दीड बोट खाली राहिला, आणि दोहोंच्या मधल्या दारात, जेथे नवी फरशी सरून जुनी लागते तेथे, एक उघडी कड राहिली, धार अशी की अनवाणी अंगठ्यास लागली तर घरातले सारे देव आठवावे. त्या कडेस कोणी धनी नव्हता. कंत्राटदार म्हणे, ती दिवाणखान्याच्या बाहेर आहे. महाराज म्हणत, ती मुदपाकखान्याच्या आत नाही. आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते.

राणी नाही, तर दोन धडधाकट पुरुषांनी जेवावे काय, ऐसा प्रसंग राज्यावर गुदरला. एके दिवशी युवराजांनी भात केला, तो पातेल्यासकट टाकावा लागला. मग महाराजांच्या थोरल्या भगिनी वत्सलाक्कासाहेब यांस पाचारण जाहले. आक्कासाहेबांनी लग्न केले नव्हते. छत्तीस वर्षे कन्याशाळेत शिकविले, पैकी बारा वर्षे मुख्याध्यापिका, आणि अद्याप त्या खोलीत आल्या म्हणजे बसलेले मनुष्य नकळत उभे राही. त्यांणी मुदपाकखान्यात शिरून पहिल्याच दिवशी बाईसाहेबांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि सारे डबे वर्णानुक्रमे लावले, ओवा प्रथम आणि हिंग अखेर. दुसरे दिवशी म्हणाल्या, "मनू, आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाते आहे. तीन वर्षं कुठे जाऊ मी? इथेच राहते. कुमुदला आता काही होणार नाही स्वयंपाकाचं." महाराजांनी चष्मा कपाळावर चढविला आणि म्हणाले, "बघू." मग तिसरे दिवशी आक्कासाहेबांच्या दोन ट्रंका आणि एक शिवणयंत्र आले.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस बाईसाहेब परत आल्या. हाती चार पायांची काठी, जीस वॉकर म्हणतात, आणि संगे व्यायाम शिकविणारी बाई, फिजिओथेरपीवाली, वयाने लहान पण जिभेची कडक. दारी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले, आणि बाईसाहेब आत येताच महाराज हात पसरून म्हणाले, "सरप्राइज!" बाईसाहेबांनी खाली पाहिले, तो फरशीत आपलेच तोंड, आणि ते तोंड काही खूश दिसेना. फरशी आरशासारखी आणि गुळगुळीत ऐसी की नव्या गुडघ्यांनी तिजवर चालावे तरी कैसे. परंतु नवऱ्याने हौसेने केले, ऐसे म्हणून त्या "छान आहे हं" म्हणाल्या आणि वॉकर पुढे टाकीत टाकीत, सोफा नाही, पलंग नाही, थेट मुदपाकखान्याकडे चालत्या जाहल्या. चौतीस वर्षांची पायवाट ती. दारापाशी येऊन थांबल्या. वॉकरचे पुढचे दोन पाय कडेवर आणि पुढे दीड बोट खड्डा. फिजिओवाली मागून ओरडली, "काकू, थांबा! सहा आठवडे पाय उचलून काही ओलांडायचं नाही. पडलात तर पुन्हा टेबलावर. पाय घसटत चाला, सपाटीवर, नाहीतर सावकाश उतारावर. आणि व्यायाम रोज ओट्याला धरून. घरात धरून उभं राहायला ओट्याइतकी चांगली जागा नसते." बाईसाहेब म्हणाल्या, "अगं, ओट्यापर्यंत जाऊ तर दे." आणि महाराजांकडे वळून पुसले, "स्वयंपाकघराची फरशी का नाही केली?" महाराज म्हणाले, "अगं, तिथे कोण बघतंय?"

तो आतून आक्कासाहेब आल्या, कमरेस पदर खोचलेला, हाती चहाचा कप. तो कप त्यांणी कडेच्या त्या अंगाने या अंगास दिला आणि म्हणाल्या, "तू बस, कुमुद. आराम कर. आता काही काळजी करायची नाही." बाईसाहेबांनी चहा घेतला. चहात आले नव्हते. कपावरून पाहतात तो ओट्यावर डबे शिपायांसारखे रांगेत, मसाल्याचा डबा दिसेना, पोळपाट भिंतीस टांगलेला, आणि शेगडीशेजारी, जेथे हिंगाची डबी चौतीस वर्षे हात न पाहता जाई, तेथे ओवा. बाईसाहेबांस तेव्हा रडू आले. गुडघे कापले तेव्हा आले नव्हते. आपले घर आपल्यास दारात उभे करून चहा देते आहे, याहून वाईट काय असते. आणि हेही त्यांस तेथेच उभ्याउभ्या कळले की सहा आठवडे आपण या दाराबाहेर राहिलो तर तीन वर्षे राहणार, आणि तीन वर्षांनी आत जाऊन करायचे काय, आपल्यास कोणी ओळखणारही नाही.

मग त्यांणी सोफ्यावर बसून महाराजांस एकच मागणे केले, की त्या दारात काहीतरी लावा, उतरती पट्टी असते तशी, म्हणजे मला आत जाता येईल. महाराज म्हणाले, "त्यात काय, मीच लावतो." येथून पहिली मोहीम सुरू जाहली. महाराजांनी टेप घेऊन दार मोजले ते चौकटीच्या बाहेरून बाहेरपर्यंत, आणि युवराजांनी मोबाइलवरून पट्टी मागविली. पट्टी आली ती चार बोटे जास्त लांब. ती चौकटीत बसेना, म्हणून महाराजांनी भाजी चिरायच्या नव्हे, परंतु पाव कापायच्या सुरीने ती कापण्याचा प्रयत्न केला, आणि सुरी कापली गेली. मग शेजाऱ्याची करवत आणून कापली, तो आता एक बोट आखूड. आणि खरा घोटाळा तर पुढेच होता, की ही पट्टी दोन्हीकडे सारखी उंची असेल तेथे लावायची सपाट पट्टी होती, आणि येथे एकीकडे दीड बोट खाली. तरी महाराजांनी ती दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने डकविली, लांबून पाहून मान डोलाविली, आणि गटावर चित्र पाठविले. सत्तावीस अंगठे आले. सायंकाळी आक्कासाहेब आमटीचे पातेले घेऊन निघाल्या, पट्टी त्यांच्या चपलेस चिकटून संगे निघाली, आणि आमटी नव्या फरशीवर पडून तीत पंख्याचे प्रतिबिंब दिसेनासे जाहले. आक्कासाहेब म्हणाल्या, "मनू, शाळेत असतास तर तुला ओणवा उभा केला असता." महाराजांनी मोहीम आटोपती घेतली.

मग सोपानमिस्त्री बोलाविला. हा मनुष्य पन्नाशीचा, खेड्याहून येऊन तीस वर्षे या शहरात लोकांची दारे-खिडक्या बसवीत आला, बोलणे थोडे, बिडी कानावर. तो आला आणि दाराकडे न पाहता सोफ्याकडे पाहता जाहला. "वॉकर कुनाचा?" बाईसाहेब म्हणाल्या, "माझा." "बाई, जरा चालून दावा." बाईसाहेब चालल्या. मिस्त्री फरशीवर उकिडवा बसून त्यांची पावले पाहत राहिला, टाच कोठे टेकते, अंगठा किती उचलतो, काठीचे पाय किती पुढे पडतात. महाराज टेप घेऊन सरसावले आणि म्हणाले, "दार एकोणतीस इंच आहे. मी मोजलंय." मिस्त्री म्हणाला, "साहेब, दार काय कुटं जात न्हाई. माप पायाचं घ्याचं असतंय." इतक्या दिवसांत त्या राज्यात बाईसाहेबांस काय लागते हे कोणी प्रथमच पुसले होते, आणि ते एका परक्या मनुष्याने. बाईसाहेबांनी त्यास स्वतःच्या हाताने चहा करून द्यावा ऐसे फार वाटले, परंतु चहा त्या अंगास होता.

बुधवारी सोपानमिस्त्रीने काम केले. दारात वीतभर लांबीचा सिमेंटचा उतार ओढला, घासून मऊ केला, आणि वरच्या कडेवर रुंद पितळी पट्टी स्क्रूने बसविली, स्क्रूची डोकी आत बुडवून, वरून हात फिरविला तरी काही लागू नये ऐसी. पट्टीवर बारीक खाचा, पाय घसरू नये म्हणून. काम उत्तम जाहले. मग हत्यारे आवरून बाईसाहेबांपाशी येऊन तो म्हणाला, "ह्येच्यावर पाय द्याचा, बाई. द्याचाच. पायासाठीच केलंय. फकस्त उद्या सांजपातुर कुनी पाय ठिवू नका, सिमेट वलं हाय." बाईसाहेबांनी मनात तास मोजले. उद्या सांज. उद्या सांजेस मी माझ्या ओट्यापाशी, ऐसे त्यांणी स्वतःशी म्हटले, आणि त्या दिवशी प्रथमच पोटभर जेवल्या.

परंतु उद्या गुरुवार होता, आणि मार्गशीर्षातला. आक्कासाहेब पहाटे उठून पाहतात तो मुदपाकखान्याच्या दारात पिवळेजर्द पितळ उजळते आहे. त्यांणी दोन्ही हात जोडले. "अगबाई! उंबरा आला स्वयंपाकघराला!" मग महाराजांस उठविले, युवराजांस उठविले, आणि म्हणाल्या, "चौतीस वर्षं या स्वयंपाकघराला उंबरा नव्हता. म्हणूनच कुमुदचे गुडघे गेले." हा कार्यकारणभाव कोठल्या पुस्तकातला हे पुसण्याची कोणाची छाती जाहली नाही. मग पट्टीस हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, दोन अंगांस रांगोळीची स्वस्तिके काढली, नारळ फोडला. महाराज सदरा घालून आले आणि चार शब्द बोलले, की आपल्या परंपरेत आधुनिकता आणि आधुनिकतेत परंपरा, आणि युवराजांनी ते मोबाइलवर टिपले. मग आक्कासाहेबांनी वर्गात सूचना देतात तैसी घोषणा केली, "आजपासून उंबऱ्यावर कुणी पाय द्यायचा नाही. ओलांडून जायचं. पट्टीवर नाही आणि तिच्या उतारावरही नाही. तो सगळा उंबराच." बाईसाहेब सोफ्यावरून म्हणाल्या, "वन्सं, तो पाय देण्यासाठीच केलाय. मिस्त्री म्हणाले ना." आक्कासाहेब म्हणाल्या, "मिस्त्रीच म्हणाला पाय ठेवू नका. मी कानांनी ऐकलं." बाईसाहेब म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत! सिमेंट ओलं होतं म्हणून!" आक्कासाहेब म्हणाल्या, "तेव्हा पूजा झाली नव्हती." बाईसाहेबांनी महाराजांकडे पाहिले. महाराजांनी चष्मा कपाळावर चढविला.

येणेप्रमाणे ज्या मनुष्याने आत जावे म्हणून उतार केला तेच एक मनुष्य बाहेर राहिले, आणि आधी दीड बोट खड्डा होता तेथे आता धर्म होता. खड्डा बुजविता येतो. इतका रुंद उंबरा शहरात दुसरा नव्हता, पट्टी आणि उतार मिळून सव्वा वीत, आणि सारे राज्य त्यावरून उड्या मारू लागले. युवराज लॅपटॉप कवटाळून उडी मारीत, कानात यंत्र घालून साहेबाशी इंग्रजीत बोलत असता मध्येच "हुप" ऐसा आवाज निघे. आक्कासाहेब नऊवारी नसूनही ओचा धरल्यासारखी साडी धरून, चौकटीस हात देऊन, श्लोक म्हणत ओलांडीत. दुसऱ्या दिवशी महाराज पाणी प्यावयास गेले, परतताना उडी मारिली, आणि नव्या फरशीवर पाय सरकून उताणे पडले. त्या स्थितीत त्यांस पंखा प्रतिबिंबात नव्हे, प्रत्यक्ष दिसला. कंबर आठवडाभर शेकावी लागली. परंतु फरशी गुळगुळीत आहे, अथवा उडी मारणे मूर्खपणाचे आहे, ऐसे त्यांणी एकदाही म्हटले नाही. म्हणाले, "चप्पल नवी आहे."

बाईसाहेबांसाठी दरबार भरला. युवराज म्हणाले, "आई, व्हिडिओ कॉल करू. तू सोफ्यावरून सांग, आत्या करेल." महाराज म्हणाले, खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेऊ, परंतु स्वतःच्या कंबरेस हात लावून पुन्हा सोफ्यावर टेकले. आक्कासाहेब म्हणाल्या, "जायचंच कशाला? आहे ना मी. तीन वर्षं आहे." बाईसाहेब तेव्हापासून दिवसभर सोफ्यावर बसून मुदपाकखान्यातले आवाज ऐकत. फोडणी कच्ची पडली की त्यांस कळे. कुकरची शिट्टी चौथी जाहली तरी गॅस बंद होत नाही, हे कळे, आणि हाताची बोटे आपोआप वळत. जेवताना वरणात हिंग नसे. फिजिओवाली येऊन रागावली, "काकू, ओट्याला धरून व्यायाम होतो आहे का?" बाईसाहेब म्हणाल्या, "आमच्याकडे मध्ये देव आहे." ती मुलगी काही समजली नाही. म्हणाली, अशाच बसून राहिलात तर नवे गुडघेसुद्धा जुन्यासारखे होतील. मग बाईसाहेब सोफ्याच्या पाठीस धरून व्यायाम करू लागल्या. टाच जमिनीवर, अंगठा पुढे. टाच जमिनीवर, अंगठा पुढे. दिवसास दोनशे वेळा. आणि हा व्यायाम करिता करिता एके दुपारी त्यांस आपला अंगठा पाहून काही जुने आठवले, आणि त्या स्वतःशी हसल्या, आणि कोणास काही बोलल्या नाहीत.

मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार आला. दिवाणखान्यात लक्ष्मीची पूजा मांडली, नारळास दागिने घातले, आणि सायंकाळी हळदीकुंकवास इमारतीतल्या सहा-सात बायका आल्या. त्यांत शेजारच्या सबनीसबाई, ज्यांस एकदा सांगितले म्हणजे सोसायटीस वेगळे कळविण्याची गरज पडत नाही. आक्कासाहेबांनी सर्वांस उंबरा दाखविला, त्याचे माहात्म्य सांगितले, आणि बायका लांबूनच नमस्कार करित्या जाहल्या. सबनीसबाई पुसत्या जाहल्या, "कुमुदताई, मग तुम्ही आत जाता कशा?" बाईसाहेब वॉकर धरून उठल्या आणि सावकाश दारापाशी आल्या. म्हणाल्या, "वन्सं, एक विचारू? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माप कुणी ठेवलं होतं दारात?"

आक्कासाहेब म्हणाल्या, "मीच. दुसरं कोण होतं? आईला तर रडायलाच वेळ पुरत नव्हता." बाईसाहेब म्हणाल्या, "तांदळाचं माप. उजव्या पायानं लवंडायचं. मी इतकी घाबरले होते की माप लवंडलं आणि पाऊल तिथंच पडलं, जिथं द्यायचं नाही तिथंच, मधोमध. मी पाय मागे ओढला. आता सगळे बोलणार मला, म्हणून रडकुंडीला आले. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता, आठवतंय?" आक्कासाहेबांनी पदर सारखा केला. बाईसाहेब म्हणाल्या, "मला आठवतंय. तुम्ही कानात म्हणालात, लागू दे गं पाय. तुझंच घर आहे आता." सबनीसबाई "अगंबाई" म्हणाल्या. बाईसाहेब म्हणाल्या, "आज गुडघे नवे आहेत. उंबरा नवा आहे. मी नव्यानं येते आहे. माप ठेवा, वन्सं."

येथे आक्कासाहेबांविषयी एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर बखर लिहिणारास दोष लागेल. त्यांस नाही म्हणता आले असते. बारा वर्षे मुख्याध्यापिका, नियम कसा फिरवावा हे त्यांस कोणी शिकवावयास नको होते. परंतु त्या बाईसाहेबांच्या पायांकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि त्या पायांच्या जागी त्यांस कोणी बावीस वर्षांची घाबरलेली मुलगी दिसली असावी, कारण त्यांचा चेहरा शाळा सुटल्यावर मास्तरणीचा होतो तैसा जाहला. मग त्या वळल्या, 'त'पाशी गेल्या, तांदळाचा डबा काढला, जुने पितळी मापटे शिगोशीग भरले, आणि आणून पट्टीच्या मधोमध ठेविले. म्हणाल्या, "उजव्या पायानं हं. आणि जोरात. मागच्या वेळी फार हळू लवंडलं होतंस."

बाईसाहेबांनी वॉकरवर भार दिला. टाच जमिनीवर, अंगठा पुढे, दोनशे वेळा रोज केलेले. मापटे लवंडले, ते उतारावरून खणखणत खाली गेले, आणि तांदूळ साऱ्या मुदपाकखान्यात, शेगडीखाली, फ्रिजखाली, पसरले. मग बाईसाहेबांनी उजवे पाऊल उचलले नाही, घसटीत पुढे नेले, आणि पितळी पट्टीवर ठेविले. पूर्ण पाऊल, टाचेसकट. मग डावे. मग उतार. पट्टी हलली नाही. बायकांनी टाळ्या वाजविल्या, महाराजांनी सोफ्यावरून चित्र घेतले ते डोके कापून आले, आणि बाईसाहेबांनी दोन्ही हातांनी ओटा धरला आणि डोळे मिटले. ओट्याचा दगड गार होता. मग डोळे उघडून त्यांणी पहिले काम केले ते ऐसे, की रांगेच्या टोकास हात लांब करून हिंगाची डबी उचलली, शेगडीशेजारून ओवा हलविला, आणि हिंग तेथे ठेविला. मग आधण ठेविले, आले ठेचले, आणि सर्वांस पुरेल ऐसा चहा केला. पहिला कप त्यांणी पट्टीच्या या अंगाने त्या अंगास आक्कासाहेबांस दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा, वन्सं. आराम करा. आता काही काळजी करायची नाही." आक्कासाहेबांनी कप घेतला, एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "आलं बरोबर पडलंय." आणि सोफ्यावर जाऊन बसल्या.

बिल्डर दुसऱ्या जागेचे भाडे तीन वर्षे देणार आहे, हे आक्कासाहेबांस त्याच सायंकाळी आठवले. पुढील पंधरवड्यात त्यांणी आपल्या शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या, ट्रंका गेल्या, शिवणयंत्र गेले. जाताना त्या पट्टीपाशी थांबल्या, इकडेतिकडे कोणी नाही ऐसे पाहून, तिजवर पाऊल देऊन आत गेल्या, आणि बाईसाहेबांस "येते गं" म्हणून तैशाच बाहेर आल्या. त्या दर रविवारी जेवावयास येतात आणि वरणाची तारीफ करितात. कंबर बरी जाहल्यावर महाराजांस पुन्हा उत्साह आला. ते मुदपाकखान्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "आता इथलीही फरशी करून टाकू. सगळं एकसारखं होईल." बाईसाहेब पोळी लाटीत होत्या. म्हणाल्या, "काही नको." महाराज म्हणाले, "अगं, चौतीस वर्षांची जुनी फरशी. वाईट दिसते." बाईसाहेबांनी पोळी उलटली आणि मागे न पाहता म्हणाल्या, "दिसू दे. इथे मी बघते."

इतके वर्तमान त्या राज्याचे, पाहिले तैसे लिहिले. राजा तोच, राणी तीच, गुडघे नवे, फरशी दोन तऱ्हेची, आणि मधली पट्टी अद्याप घट्ट. तिजवरून आता सारे चालत जातात. एकटे महाराज मात्र अजून उडी मारितात, कारण उड्यांचा नियम उठला हे त्यांस कोणी सांगितले नाही, आणि त्यांणी विचारले नाही.